चिकटा पडला की लागला

आमच्या वरकुट्याला चिकटा 'पडतो'. पाऊस पडतो, धुकं पडतं, गारा पडतात, तसाच चिकटा. शाळू डोक्याएवढा झाला आणि पौषात चार दिवस आभाळ भरून राहिलं की ज्वारीची पानं तेल चोपडल्यासारखी चमकायला लागतात. त्यातनं चाललं की साडी चिकटते, केस चिकटतात, हाताला हात चिकटतो. मग गावातलं एखादं जाणतं माणूस वर बघून म्हणतं, "चिकटा पडला जनू." झालं! एकदा पडला म्हटलं की करायचं काही उरतच नाही. आभाळातनं पडलेल्या गोष्टीला माणूस काय करणार? आभाळ निवळलं की जाईल, असं म्हणायचं आणि तंबाखू मळत बसायचं. या एका 'पडला'वरनं मी सासऱ्यांशी जेवढी भांडले, तेवढी उभ्या जन्मात नवऱ्याशी भांडले नाही.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. आमची माणसं मूळची मेंढरंवाली. आबांच्या वडिलांनी कळप मोडला आणि शेती धरली, पण आबांची नजर काही आभाळावरनं खाली उतरली नव्हती. सकाळी उठले की आधी आभाळ बघणार, मग बैल, मग आम्ही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा गाळपाच्या हंगामात माळेगावच्या बाजूला साखर कारखान्यावर, सुट्टीच्या दिवशी एसटीनं यायचा आणि झोपायचा. म्हणजे थंडीचे सगळे महिने घरात मी, कडेवरची लेक, आबा, आबांची खिलार बैलजोडी आणि माझी म्हैस.

म्हैस माझी. हे मी आजही ठासून सांगते. पहिल्या बाळंतपणानंतर माहेरनं दिलेली. त्या घरात भांड्यांवर सासूबाईंचं नाव, जमिनीवर आबांचं, सायकलवर नवऱ्याचं. माझं म्हणावं असं एकच होतं आणि ते दोन वेळ दूध द्यायचं.

मी सांगते ते साल नव्वदनंतरचं, आमच्याकडं नळ यायच्या आधीचं. त्या वर्षी आमच्या बाजूला पावसानं दगा दिला. माळावर गवताची काडी नव्हती. मेंढपाळसुद्धा कळप घेऊन लांब निघून गेले होते. सगळी मदार आमच्या शाळवाच्या दोन पट्ट्यांवर, एक वढ्याकडची आणि एक माळाकडची. ज्वारी आम्ही खायची आणि तिचा वाळलेला कडबा जनावरांनी. आबांनी पेरणी झाली त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "कडबा साधला तर तिन्ही जनावरं जगत्याल. न्हाय साधला तर एकाला बाजार दावावा लागंल."

कुठल्या एकाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बैलाबिगर शेत कसायचं कसं? मग जाणार कोण? सुनेची म्हैस. हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

आणि नेमका त्याच वर्षी चिकटा आला. वढ्याकडची पट्टी चमकायला लागली तशी मला माझी म्हैस बाजारात उभी दिसायला लागली. चिकट्यावर पुढं काळी काजळी धरते आणि असला कडबा जनावर तोंडात घेत नाही, हे मी माहेरी बघितलं होतं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला होता. एक बाई सांगत होत्या, "चिकटा आभाळातून पडत नाही. मावा नावाची बारीक कीड ज्वारीचा रस शोषते आणि तिच्या अंगातून हा गोड चिकट पदार्थ बाहेर पडतो. कीड पानाच्या खालच्या बाजूला असते, पानं उलटून पाहा. तिथंच तांबडे, पाठीवर काळे ठिपके असलेले किडे आणि काळ्या खरबरीत अळ्याही तुम्हाला दिसतील..." तेवढ्यात डेअरीचा भोंगा वाजला. दूध घालायची वेळ. उशीर झाला की दूध परत. मी रेडिओ बंद केला, किटली उचलली आणि पळाले.

अजून दोन मिनिटं थांबले असते तर! पण म्हैस जगवायची तर तिचं दूध तरी वाया घालवून कसं चालेल, असं मला वाटलं. घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळवात शिरले आणि पान उलटलं. अगं बाई! पानाच्या पाठीला पिवळट उवांचा नुसता थर. मी ते पान तोडलं आणि तशीच आबांच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"आबा, हे बघा. चिकटा पडत न्हाय. लागतोय. ही कीड लागलीया."

आबांनी पान डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं. "ह्या उवा व्हय? आगं पोरी, चिकटा पडला म्हनून त्या आल्यात. गूळ सांडला की मुंग्या येत्यात का न्हाय? मग मुंग्यांनी गूळ सांडला म्हनशील का?"

"आभाळातनं पडतोय, तर मग रस्त्यावर का पडत न्हाय? आपल्या पत्र्यावर का पडत न्हाय?"

"रस्त्यावर काय शाळू उगवतुया?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, औषध मारू, बारामतीस्नं आणायला सांगू. तर आबा ताडकन उठले. "खायच्या धान्यावर इख? ऊस कारखाना खातुया, त्याच्यावर काय बी मारा. शाळू आपुन खातू. माज्या जित्यापनी न्हाय." सुट्टीला नवरा आला, त्याच्यापुढं तक्रार नेली. तो पांघरुणातनं म्हणाला, "तुमचं तुमी बघा." हा आमचा न्यायाधीश!

कृषी सहायकाला बोलवावं म्हणून लेकीला काखोटीला मारून एसटीनं इंदापूरला गेले. कचेरीत सांगितलं, साहेब फिरतीवर गेलेत. चार दिवसांनी परत गेले, तर साहेब मीटिंगला. मी टेबलावरच्या माणसाला विचारलं, "फिरतीवर असतात तवा आमच्याकडं दिसत न्हाईत, आन् कचेरीत यावं तर मीटिंगला. मग साहेब असतात तरी कुठं?" तो म्हणाला, "बाई, एका माणसाकडं किती गावं आहेत, ठाऊक आहे का?" मला कशाला ठाऊक असणार? मी चिठ्ठी लिहून ठेवली आणि घरी आले.

औषध नाही, साहेब नाही, नवरा झोपलेला. मग म्हटलं, हात तर आपले आहेत.

माव्याच्या उवा हातानं वेचणं कुणाच्या बापाला जमणार नाही. पण रेडिओवरच्या बाईंनी सांगितलेले तांबडे किडे दिसत होते की! टिकलीएवढे, गोल, पाठीवर काळे ठिपके. चिकटा जिथं जास्त, तिथंच ते जास्त. त्यांच्या जोडीला त्या काळ्या खरबरीत अळ्या. मी मनाशी आडाखा बांधला. मोठे किडे ते आईबाप, बारक्या उवा ती त्यांची पिल्लं. आईबाप मारले की पिल्लं होतील कुठनं? मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, त्यात रॉकेल घातलेलं पाणी ओतलं आणि वढ्याकडच्या पट्टीत शिरले. सकाळी उन्हं वर आली की सुरू, जेवणवेळेपर्यंत. शाळवाची पानं कडेनं कापतात, हातावर बारीक चिरा पडल्या, त्यात चिकटा जाऊन चुरचुरायचं. एकेक तास, म्हणजे शाळवाची एकेक ओळ, वाकून बघायचं, पान उलटायचं, टिकली दिसली की चिमटीत धरायची आणि डब्यात टाकायची. अळी दिसली की डब्यात. पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले की पानाचा तुकडाच डब्यात. पंधरा दिवस मी हे केलं. रोज डबा तळाशी लाल दिसायचा आणि माझ्या जिवाला बरं वाटायचं.

आबा पहिले दोन दिवस बांधावरनं बघून हसले. तिसऱ्या दिवशी हसले नाहीत. सातव्या-आठव्या दिवशी मी डबा घेऊन बाहेर आले, तर ते उभेच होते. डबा त्यांनी हातात घेतला आणि आत बघितलं.

"येवढं किडं आपल्या शाळवात हुतं?"

"व्हय."

"आन् आमी आपलं आभाळ बघतूया." त्यांनी डबा परत दिला. "तुजं खरं हाय, पोरी. पडत न्हाय, लागतुया."

खरं सांगते, मला रडूच आलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणी 'तुझं खरं आहे' म्हटलं होतं. त्या दिवशी मी भाकऱ्या थापल्या त्या गुणगुणत.

आबा माणूस सरळ. एकदा पटलं की गावभर सांगणार. देवळाच्या पारावर कुणी 'चिकटा पडलाय' म्हटलं की आबा लगेच टोकायचे, "पडला न्हवं, लागला म्हन. आमच्या सुनंनं डबाभर किडं येचल्यात." डेअरीवर बाया मला विचारायला लागल्या. दोघीतिघींनी आपापल्या रानात डबे नेले.

आणि मग साहेब आले. पंधरा दिवसांनी! हिरव्या मोटरसायकलवर, माझी चिठ्ठी खिशात. पोरगेलासा, घामाघूम, काखेला पिशवी. आबा त्या दिवशी मोरगावला देवाला गेले होते. मी मोठ्या दिमाखात डबा पुढं केला.

त्यानं डब्यात बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "वहिनी, हे काय केलंत?"

"किडं येचलं. आईबाप मारलं."

तो शाळवात शिरला, एक काळी अळी बोटावर घेऊन आला आणि माव्याच्या पानावर सोडली. "बघा." अळीनं एक ऊ धरली. खाल्ली. दुसरी धरली. खाल्ली. माझ्या डोळ्यांदेखत तिनं सात-आठ उवा फस्त केल्या. "हे ढालकिडे," तो म्हणाला, "मावा खाऊनच जगतात. जिथं मावा तिथं हे येणारच. आणि ही काळी अळी म्हणजे त्यांचंच पिल्लू."

गूळ सांडला की मुंग्या येतात. आबांनी सांगितलं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता कणसात दाणा भरतोय, आता औषध मारू नका. माळाकडच्या पट्टीला तुम्ही हात लावला नाही ना? मग लावूच नका. तिथले ढालकिडे त्यांचं काम करतील."

मला त्याचा इतका राग आला! म्हटलं, पंधरा दिवस आधी आला असतात तर तुमच्या पाया पडले असते. आता कशाला आलात? त्या बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. आज कळतं, मी त्याच्यावर नाही, माझ्या दोन हातांवर ओरडत होते. तो मोटरसायकलला किक मारायला लागला तशी मी पुढं झाले आणि म्हटलं, "आमच्या आबांना यातलं काय सांगू नका."

त्यानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. रोज पारावरनं आबांचा 'लागला म्हन' ऐकू यायचा आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. इतक्या वर्षांनी मिळालेलं 'तुझं खरं' माझ्यानं परत करवत नव्हतं, दुसरं काही नाही.

शाळू काढला. माळाकडचा कडबा पिवळाधमक. वढ्याकडचा, माझ्या हातचा, काळा. पेंढी सोडली की काजळी उडायची. म्हशीपुढं टाकला, तिनं हुंगला, फुर्रकन नाक झटकलं आणि तोंड फिरवलं. आबांनी मिठाचं पाणी शिंपडून बघितलं. बैलांनी दोन घास घेतले आणि सोडून दिले.

आबांनी त्याचाही अर्थ लावला. "समदं किडं हिकडंच यिऊन बसलं हुतं. तिकडं गेलंच न्हाईत, म्हनून तिकडचा वाचला." मी मान हलवली. हो, हलवली.

चांगला कडबा दोन जनावरांपुरता होता. मी मनातनं म्हशीचा निरोप घेऊन टाकला होता. धार काढताना तिच्या पोटाला डोकं टेकून बसायची. एके दिवशी पहाटे उठले, तर गोठ्यात म्हैस होती. जोडीतला थोरला बैल नव्हता.

आबा दिवस कलताना बाजारातनं पायी आले. खांद्यावर नुसतं दावं. आमच्यात जनावर विकतात, दावं विकत नाहीत. त्यांनी ते खुंटीला अडकवलं, पाणी मागितलं आणि तांब्या हातात घेऊन म्हणाले, "तुजी म्हस ऱ्हाऊ दे. तू पंधरा दिस वाकून किडं येचलंस. मी तुजं आधी ऐकलं असतं, संगं येचाय लागलो असतो, तर दोनी पट्ट्या वाचल्या असत्या. चूक माजी हाय."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण बाहेर आलं ते, "आबा, भाकरी वाढू का?"

पुढचं वर्ष आबांनी वारंगुळ्यावर काढलं. शेजाऱ्याचा एक बैल, आमचा एक, आधी शेजाऱ्याची पेरणी मग आमची. ज्या माणसानं कधी कुणाच्या दारात उभं राहून 'बैल मोकळा हाय का?' विचारलं नव्हतं, तो सकाळी उठून विचारायला जायचा. आमची पेरणी ओल उडून गेल्यावर झाली. धाकटा बैल परक्याच्या जोडीला चालेना, जू टाकून बसायचा. आबा त्याला शिवी देत नसत, मानेवरनं हात फिरवत उभे राहायचे. मी घरात चडफडायचे. कुणावर? म्हशीवर! ती रवंथ करत असायची आणि मला तिचं तोंड बघवत नसे. एकदा तर धार काढता काढता तिला विनाकारण एक ठोसा लगावला आणि मग तिच्याच गळ्यात पडले.

पौष आला. आभाळ भरून आलं. पानं चमकायला लागली. औंदा मी शाळवात गेले नाही, हात कापतात, पोरगी रडते, काहीतरी सबब सांगितली. पान उलटून मात्र चोरून बघितलं होतं, टिकल्या होत्या. म्हटलं, गप बसावं, त्यांचं त्या बघतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात शेंगा फोडत होते, तर आबा आले. हात कोपरापर्यंत चिकट, पटक्यावर ज्वारीचा फुलोरा, हातावर लाल चिरा. त्यांनी माझ्यापुढं तोच तुपाचा डबा ठेवला. डब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. रॉकेल रेशनवर मिळालं नव्हतं म्हणून कोरडाच डबा.

"सकाळपास्नं येचलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू होतं, जे मी त्या वर्षभरात बघितलं नव्हतं. "आता आनिक सा-सात दिस येचतो. औंदा तुज्या म्हशीला बी काय न्हाय आन् माज्या बैलाला बी काय न्हाय."

मी फडक्याला कान लावला. आत खुसखुस चालली होती.

"आबा," मी म्हटलं, "हे सोडून द्या."

"का गं?"

मग मी सांगितलं. रेडिओ, भोंगा, साहेब, ती काळी अळी, सगळं. शेंगांकडं बघत सांगितलं. त्यांच्याकडं बघायची छाती झाली नाही. मधे ते एकदा म्हणाले, "म्हंजी गेल्या साली ह्यो मानूस यिऊन गेला?" मी 'व्हय' म्हटलं. सांगून संपल्यावर मी वर बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. खुंटीवरच्या दाव्याकडं बघत होते.

"मंग माजा बैल?" ते म्हणाले.

एवढंच. शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तरी चाललं असतं मला. मी 'चुकलं माझं आबा' म्हटलं, पण ते त्यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी डबा उचलला आणि रानाकडं चालायला लागले. मी पोरीला शेजारी दिलं आणि मागनं गेले.

आबा शाळवात उभे होते. फडकं सोडून एकेक टिकली बोटावर घेत होते आणि पान उलटून तिथं ठेवत होते. मी पलीकडच्या तासात शिरले, त्यांच्या डब्यातनं मूठभर घेतल्या आणि मीही सोडायला लागले. काही मेल्या होत्या, काही चालत होत्या.

बांधावरनं कुणीतरी चाललं होतं. आबांनीच वर्षभर टोकून टोकून शिकवलेलं गाव ते. त्यानं थांबून हाक दिली, "काय आबा, लागला का चिकटा?"

आबांनी पान हातातनं सोडलं. माझ्याकडं एकदा बघितलं.

"पडला रं बाबा," ते म्हणाले. "आभाळातनंच पडला."

मी तासात तशीच उभी राहिले. त्या शब्दावरनं मी पुन्हा कधी भांडले नाही.